यँकीज हरल्याचा आनंद आणि तोंडावर आलेली भाऊबीज

ताई, नमस्कार.

आम्ही बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहतो, मूळचे साताऱ्याचे. क्रिकेटचं वेड इथे आल्यावर बेसबॉलकडे कधी वळलं ते कळलंच नाही. मी आणि माझी बारा वर्षांची लेक, दोघं पक्के रेड सॉक्सवाले, म्हणजे बॉस्टनच्या संघाचे. मेहुणी न्यू जर्सीत एडिसनला असते. साडू आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा तितकेच पक्के यँकीजवाले, म्हणजे न्यू यॉर्कच्या संघाचे. एरवी दोन्ही घरांत चिडवाचिडवी चालते, आणि मजेत चालते.

या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, 2 ऑक्टोबरला यँकीजनी आम्हाला प्लेऑफमधून, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमधून, बाहेर काढलं. साडूंनी फॅमिली ग्रुपवर सुटकेसचे स्टिकर टाकले, आम्ही गप्प बसलो. मग 8 तारखेला टोरांटोने यँकीजना त्यांच्याच स्टेडियममध्ये गारद केलं. आम्ही बापलेक सोफ्यावर उड्या मारत होतो. टोरांटोचा खेळाडू गरेरो टीव्हीवर "द यँकीज लूज" म्हणाला, त्याच चालीवर आम्ही ओरडलो, व्हिडिओ केला, ग्रुपवर टाकला आणि वर भाच्याला त्याच्या टॅबलेटवर वेगळा पाठवला. नंतर कळलं की साडू त्याला घेऊन त्या रात्री स्टेडियममध्येच होते. परतीच्या वाटेवर पोरगं रडत होतं, तेवढ्यात आमचा व्हिडिओ पोचला. साडू ग्रुपमधून बाहेर पडले. जाताना लिहून गेले, "तुमचा संघ आमच्याकडून मार खाऊन आधीच घरी गेला होता, तुम्हाला नाचायला काय झालं?"

बायको म्हणते, दुसऱ्याच्या दुःखात आनंद मानायला तुम्ही मुलीला शिकवताय. मुलगी विचारते, "बाबा, आपलं काही चुकलं का?" माझ्याकडे उत्तर नाही. दर वर्षी भाऊबीजेला ते आमच्याकडे येतात. मी माफी मागायची का? आणि कशाची? आनंद तर खरा होता.

– एक रेड सॉक्सवाला बाबा

*

नमस्कार,

आधी एक सांगून टाकते. मी बॉस्टनच्या बाजूची आहे. 8 ऑक्टोबरच्या रात्री मलाही बरं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावरही वाटत होतं. तेव्हा "खेळाकडे खेळ म्हणून बघा" असा उपदेश तुम्हाला माझ्याकडून मिळणार नाही. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत एका संघासाठी जीव टांगणीला लावलेल्या माणसाला तो लागू पडत नाही.

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. आनंद झाला त्याबद्दल कुणाचीही माफी मागू नका, बायकोचीही नाही. भाच्याला त्या रात्री तो व्हिडिओ पाठवलात, त्याबद्दल मागा. ती त्याच्याकडेच मागा. त्याच्या आईबाबांमार्फत नको आणि ग्रुपवर तर नकोच. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाने समोरून "माझं चुकलं" म्हणणं आपल्या घरांत फार कमी वेळा घडतं. तुमच्या घरात ते या आठवड्यात घडू दे.

आता साडूंचा टोमणा. आपण आधीच हरलो होतो, मग नाचायचं काय कारण? टोमणा बोचरा आहे, पण ज्याने बेसबॉल रोज पाहिलाय त्याला त्याचं उत्तर ठाऊक असतं. साडूंनाही ते आहे, फक्त त्या रात्री ते आठवायच्या मनःस्थितीत नव्हते.

बॉस्टन आणि न्यू यॉर्क एकाच गटात आहेत, अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात. सीझन 162 सामन्यांचा. त्यात हे दोघं एकमेकांशी सध्या 13 सामने खेळतात. उरलेले जवळजवळ दीडशे सामने दोघं इतरांशी खेळत असतात, आणि त्यातला प्रत्येक निकाल दोघांनाही लागतो. गुणतक्त्यात कोण कुणाच्या किती मागे हे काढताना दोघांच्या विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक मिळवून निम्मा करतात. त्यामुळे आपल्या संघाला सुट्टी असली आणि यँकीज तिकडे कुठे टेक्सासमध्ये हरले, तरी आपण अर्ध्या सामन्याने पुढे सरकतो. यँकीजचा पराभव ही सहा महिने तुमची खरीखुरी कमाई असते. सकाळी चहाबरोबर आधी आपला निकाल बघायचा आणि लगेच त्यांचा, ही सवय बॉस्टनच्या प्रत्येक घरात आहे. ऑक्टोबर उजाडला आणि आपण बाहेर पडलो, की तक्ता संपतो. पण इतके महिने रोज जे मन त्या तक्त्यावर पोसलं गेलं, ते एका रात्रीत कसं बदलणार?

शिवाय हा खेळ चाहत्याशी किती कठोर वागतो तेही बघा. 30 संघांतले 12 प्लेऑफला जातात आणि शेवटी हसतो एकच. बाकीच्या 29 संघांच्या माणसांचं वर्ष कुठल्या ना कुठल्या निराशेत संपतं. अशा वेळी ज्याने आपल्याला बाहेर काढलं तोही आपल्यामागून बाहेर पडला, याचा दिलासा वाटणं मला अगदी माणसासारखं वाटतं. यात तुमच्या मुलीच्या मनावर वाईट संस्कार होण्यासारखं काही नाही.

पण हे तुमच्या पत्नीला पटायचं असेल तर त्यांना थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. तुम्हा बापलेकीला ती पाठ असणार, म्हणून पुढचा मजकूर त्यांच्यासाठी लिहिते. त्यांना वाचायला द्या.

वहिनी, 1918 पर्यंत बॉस्टनने पाच वेळा वर्ल्ड सिरीज (सीझनच्या शेवटची, जेतेपदाची मालिका) जिंकली होती आणि यँकीजच्या नावावर एकही नव्हती. 1919 संपता संपता बॉस्टनचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ या आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला एक लाख डॉलरला न्यू यॉर्कला विकलं. 1918 नंतर 86 वर्षं बॉस्टनने एकदाही जेतेपद पाहिलं नाही आणि तेवढ्या काळात यँकीजनी 26 मिळवली. आजे गेले, बाप म्हातारे झाले, तरी तेच. 1978 मध्ये दोघांची बरोबरी झाली म्हणून एकच निर्णायक सामना बॉस्टनच्या फेनवे पार्क या मैदानात झाला. ज्याच्याकडून कुणी होम रनची (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्याची) अपेक्षा केली नसती त्या यँकीजच्या बकी डेंटने नेमका तिथे होम रन मारला. बॉस्टनची जुनी माणसं आजही त्याचं नाव घेताना मधोमध एक शिवी घालतात. 2003 मध्ये पुन्हा प्लेऑफच्या मालिकेतल्या सातव्या आणि शेवटच्या सामन्यात, अकराव्या इनिंगला (सामना एरवी नऊ इनिंगचा असतो), यँकीजच्या ॲरन बूनच्या एका फटक्याने सगळं संपलं. तोच बून आज यँकीजचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आहे. म्हणजे परवा टीव्हीवर डगआउटमध्ये (संघाच्या बाकांच्या जागी) पडलेल्या चेहऱ्याने जो माणूस उभा दिसला, त्याच्याशी तुमच्या घरातल्या रेड सॉक्सवाल्यांचा जुना हिशेब आहे.

आणि मग 2004. प्लेऑफमध्ये त्याच दोन संघांच्या सात सामन्यांच्या मालिकेत पहिले तीन सामने यँकीजनी जिंकले, तिसरा तर 19-8 असा. आणखी एक हरला की बॉस्टन बाहेर. 17 ऑक्टोबरच्या रात्री चौथ्या सामन्यात नववी इनिंग आली तेव्हा यँकीज 4-3 ने पुढे होते आणि चेंडू मरियानो रिव्हेराच्या हातात होता. शेवटच्या इनिंगला आघाडी राखून सामना संपवण्यात त्याच्या तोडीचा पिचर (चेंडू टाकणारा) या खेळात झालेला नाही. केव्हिन मिलार चार वाइड चेंडूंवर पहिल्या बेसवर गेला आणि त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो दुसरा बेस चोरायला, म्हणजे बॅटरच्या फटक्याची वाट न बघता तिथे पोचायला, पळणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत होतं, रिव्हेरालाही. त्याने रॉबर्ट्सला जखडून ठेवायला तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकला. पहिला चेंडू बॅटरकडे टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचर पोसाडाचा थ्रो उत्तम होता, दुसऱ्या बेसवरच्या यँकीजच्या जीटरने हातमोजा खाली आणलाही, पण त्याआधी बोटभर फरकाने रॉबर्ट्सचा हात बेसला लागला होता. बॉस्टनच्या बिल म्युलरच्या फटक्यावर तो धावत होम बेसवर आला, बरोबरी झाली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारून सामना संपवला. पुढचे तिन्ही सामने बॉस्टनने जिंकले. बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये 0-3 वरून मालिका फिरवणारा तोवर एकही संघ झालेला नव्हता. पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. (हाच रॉबर्ट्स 2024 मध्ये वर्ल्ड सिरीजला यँकीजना हरवणाऱ्या डॉजर्सचा मॅनेजर होता. यँकीजवाल्यांच्या नशिबात हा माणूस आहेच.)

वहिनी, हे इतकं लांबण लावून सांगितलं ते एवढ्यासाठी, की तुमच्या घरातला आनंद दुसऱ्याच्या घरात मयत झाल्यावर होणाऱ्या आनंदाच्या जातीचा नाही. शंभर वर्षांच्या एका गोष्टीत प्रत्येक ऑक्टोबरला एक पान वाढतं, आणि तुमची मुलगी ती गोष्ट स्वतःची मानते. परक्या देशात जन्मलेल्या मुलीला तिच्या गावाची इतकी जुनी गोष्ट आपली वाटावी, हे मला फार मोलाचं वाटतं. ती मोडू नका.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते, कारण तुमच्या पत्नीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं तुम्ही ऐकायलाच हवं.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी रेड सॉक्स आणि यँकीजच्याच कट्टर चाहत्यांवर केलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. चाहत्यांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात ठेवून सामन्यातले प्रसंग दाखवले. आपला संघ यशस्वी झाला की मेंदूतला सुखाशी जोडलेला एक भाग जागा होई, आणि प्रतिस्पर्धी फसला तरी तोच भाग जागा होई. प्रतिस्पर्धी तिसऱ्याच संघाकडून, बाल्टिमोरकडून, मार खातोय हे पाहूनही लोक सुखावत होते. म्हणजे साडूंच्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेतही मिळालं आहे. पण त्याच अभ्यासात पुढे असंही दिसलं, की समोरच्याच्या फजितीने ज्यांचा मेंदू जास्त सुखावला, त्यांनीच त्या संघाच्या चाहत्यांना शिव्या द्यायची, धमकवायची, हात उगारायची तयारीही जास्त दाखवली. ज्या आनंदाची मी इतका वेळ बाजू घेतेय, तो त्या दुसऱ्या वाटेला इतका लागून आहे.

ती वाट कुठवर जाते तेही या खेळाने पाहिलंय. 31 मार्च 2011, लॉस एंजेलिस, सीझनचा पहिला दिवस. डॉजर्सच्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सचा शर्ट घातलेल्या एका माणसाला दोघांनी इतकं मारलं, की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. तो दोन मुलांचा बाप होता, पॅरामेडिक म्हणून लोकांचे जीव वाचवायचा. मारणाऱ्या दोघांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना शिक्षा झाली.

तुमचा व्हिडिओ आणि ते पार्किंग यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि तुमच्यावर मी कसलाही आरोप करत नाही. पण तुमची लेक बारा वर्षांची आहे. हद्द नेमकी कुठे आहे हे शिकायचं तिचं हेच वय आहे, आणि ती ते तुमच्याकडे बघून शिकणार.

माझ्या मते हद्द अशी आहे. ज्याच्यावर हसायचं तो आपल्या बरोबरीचा हवा आणि उलट टोला हाणायच्या स्थितीत हवा. यँकीज नावाची संस्था तशी आहेच. 27 जेतेपदं, पैशाला तोटा नाही, साऱ्या देशात त्यांच्या टोप्या विकल्या जातात. तुमच्या-माझ्या हसण्याने त्यांचं केसभरही वाकडं होत नाही. खेळाडूही तसे आहेत. 2018 मध्ये प्लेऑफच्या मालिकेतला दुसरा सामना फेनवेवर जिंकल्यावर यँकीजचा ॲरन जज न्यू यॉर्कचं विजयाचं गाणं मोठ्याने लावून बॉस्टनच्या ड्रेसिंग रूमवरून गेला होता. बॉस्टनने पुढचे दोन्ही सामने न्यू यॉर्कात जिंकले, त्यातला पहिला 16-1 असा, आणि मग तेच गाणं स्वतःच्या जल्लोषात वाजवलं. याला मी फेडीची चिडवाचिडवी म्हणते, आणि ती बघायला मला फार आवडतं. साडूसुद्धा बरोबरीचेच. सुटकेसचे स्टिकर त्यांनी टाकले होते, तेव्हा ग्रुपवरचा तुमचा व्हिडिओ हे त्याचं उट्टं झालं आणि त्यांनी ते पचवायला हवं होतं. ग्रुप सोडणं मला पोरकटपणाचं वाटलं, हे तुम्ही त्यांना माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल. फक्त आधी माफी मागा, मग सांगा.

भाचा मात्र यात कुठेच बसत नाही. त्याची ती रात्र कशी गेली असेल ते एकदा त्याच्या बाजूने बघा. आदल्याच रात्री यँकीज 3-6 असे पिछाडीवर असताना जजने मारलेला चेंडू फाउल पोलवर (मैदानाच्या कडेच्या हद्दीच्या खांबावर) आदळून होम रन ठरला, बरोबरी झाली आणि सामना फिरला. त्यामुळे बुधवारी आशा होती. बाबा शाळेच्या दिवशी स्टेडियमला घेऊन गेले होते. सातव्या इनिंगपर्यंत फरक एकाच धावेचा. मग यँकीजच्या जॅझ चिझमच्या हातून डबल प्लेचा, म्हणजे एकाच फटक्यावर दोघांना बाद करायचा, साधा चेंडू निसटला, पाठोपाठ टोरांटोच्या दोन धावा आल्या, आणि तिथून पुढे ते स्टेडियम हळूहळू रिकामं होताना तो बघत बसला असेल. 5-2. मोठ्या माणसाला माहीत असतं की पुढचा एप्रिल येतोच. दहा वर्षांच्या मुलाला एप्रिल म्हणजे काय असतो? आणि तेवढ्यात टॅबलेट वाजला, आणि त्यावर त्याचा काका आणि त्याची ताई त्याच्याच दुःखाचं गाणं करून ओरडत होते. ग्रुपवर पडलेला व्हिडिओ त्याने पाहिलाही नसता. तुम्ही त्याला तो वेगळा पाठवलात. जे काही चुकलं ते त्या एका कृतीत आहे.

म्हणून त्याला पत्र लिहा. फोनवर मुलं "इट्स ओके" म्हणून मोकळी होतात आणि आपल्यालाही सुटल्यासारखं वाटतं, तसं होऊ देऊ नका. चार ओळी पुरेत. तू स्टेडियममध्ये होतास हे मला माहीत नव्हतं, माहीत नसलं तरी त्या रात्री तुला तो व्हिडिओ पाठवायला नको होता, मला माफ कर. यँकीज हरले याचा मला आनंद झाला हेही लिहा, खोटं बोलू नका. तो रेड सॉक्सवाल्या काकाकडून दुसऱ्या कशाची अपेक्षाही करत नसेल. आणि त्या 2 ऑक्टोबरच्या सामन्याबद्दल मनापासून दोन शब्द लिहा. कॅम श्लिटलर नावाच्या 24 वर्षांच्या नवख्या पोराने बॉस्टनविरुद्ध आठ इनिंग टाकल्या, 12 जणांना स्ट्राइकआउट केलं (चेंडू मैदानात मारूच न देता बाद केलं), एकही धाव दिली नाही. बॉस्टनची म्हणून मला त्या रात्री वाईट वाटलं, पण बेसबॉल आवडणाऱ्या माणसाने त्या खेळीपुढे मान तुकवायलाच हवी. श्लिटलर कुठला, ठाऊक आहे ना? वॉलपोलचा. मॅसॅच्युसेट्सच्या, तुमच्या घरापासून गाडीने फार लांब नसलेल्या गावचा, रेड सॉक्सचा चाहता म्हणून वाढलेला मुलगा. 8 तारखेला हरलेल्या सामन्यातही सुरुवातीचा पिचर तोच होता. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. "ते" आणि "आपण" यांच्यातली भिंत किती पातळ असते हे तिला त्याच्या गोष्टीतून लगेच कळेल.

मुलीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्या: "नाचलो ते बरोबर होतं. तुझ्या भावाला पाठवलं ते चुकलं, आणि ते मी पाठवलं, तू नाही." ते शेवटचे शब्द गाळू नका. व्हिडिओत ती होती, पण पाठवणारा हात तुमचा होता, आणि तिला ते स्पष्ट कळायला हवं, नाहीतर ती उगाच स्वतःला दोष देत बसेल.

आणि तिला 11 एप्रिल 2005 ची गोष्ट सांगा. बॉस्टनला 86 वर्षांनी मिळालेल्या जेतेपदाच्या अंगठ्या त्या दिवशी फेनवेवर वाटल्या जाणार होत्या आणि वेळापत्रकाने पाहुणा संघ आणून बसवला होता यँकीजचा. खेळाडूंची नावं पुकारली जाऊ लागली. रिव्हेराचं नाव आलं आणि सगळं फेनवे उठून टाळ्या वाजवू लागलं, कारण आदल्या ऑक्टोबरात दोन सामने त्याच्या हातून निसटले नसते तर त्या अंगठ्या आल्याच नसत्या. हजारो लोक एका माणसाला त्याच्या तोंडावर खिजवत होते. रिव्हेरा हसला आणि त्याने टोपी काढून सगळ्या स्टेडियमला अभिवादन केलं. त्या दिवसापासून बॉस्टनमध्ये त्याच्याविषयी वेगळाच जिव्हाळा निर्माण झाला. 2013 मध्ये तो निवृत्त होत असताना याच फेनवेने त्याचा निरोप समारंभ केला आणि पुढच्या वर्षी जीटरला उभं राहून मानवंदना दिली. त्याच 2013 च्या एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉनवर बॉम्बहल्ला झाला, आणि दुसऱ्या रात्री यँकी स्टेडियममध्ये तिसऱ्या इनिंगनंतर फेनवेचं लाडकं गाणं वाजवलं गेलं. न्यू यॉर्कची माणसं उभी राहून बॉस्टनचं गाणं गात होती. हे वैर मला इतकं प्रिय का आहे ते मुलीला यातून कळेल असं वाटतं: इतकी वर्षं एकमेकांवर दात धरून बसलेल्या माणसांना कुठे थांबायचं हे बहुतेक वेळा ठाऊक होतं.

दोन्ही घरांनी मिळून थोडे नियम ठरवायला हरकत नाही. माझ्याकडचे देते, पटतील ते घ्या. हरलेल्या बाजूने तोंड उघडेपर्यंत त्या रात्री जिंकलेल्या बाजूने काही पाठवायचं नाही. मुलांना वेगळं काही पाठवायचं नाही, कधीच. दुखापतीवर हसायचं नाही. रडणाऱ्या माणसाचा, विशेषतः रडणाऱ्या मुलाचा, फोटो किंवा व्हिडिओ पुढे ढकलायचा नाही. टीव्हीवाले प्रत्येक बाद फेरीत कॅमेरा असल्या चेहऱ्यांवर नेतात आणि मला ते अजिबात आवडत नाही. बाकी सगळं खुलं. घोषणा द्या, "द यँकीज लूज" म्हणा, पुढच्या वर्षी साडूंनी सुटकेस पाठवली तर मोठी सुटकेस परत पाठवा.

राहता राहिली भाऊबीज. ती गुरुवारी, 23 तारखेला आहे, पण इकडच्या रिवाजाप्रमाणे तुम्ही ती शनिवारीच कराल असं धरून चालते. साडूंना आजच फोन करा, फराळाच्या डब्यांचं निमित्त पुरेल, आणि पहिल्या मिनिटात सांगा की मुलाला पत्र टाकलंय. त्यापुढे ते काय बोलतील ते ऐकून घ्या. ग्रुपमध्ये परत घ्यायचं काम मेहुणीवर सोपवा, तुम्ही त्यात पडू नका.

मुलांसाठी मात्र एक काम आहे. तुमच्या लेकीला आता प्रश्न पडला असेल, की आपण टोरांटोच्या बाजूचे झालो का? मुळीच नाही. टोरांटोही याच पूर्व विभागातलं, पुढच्या एप्रिलपासून तेही तुमच्या डोक्यावर बसणार आहेत. टोरांटो सध्या सिअ‍ॅटलशी खेळतंय, आणि सिअ‍ॅटल आजवर एकदाही वर्ल्ड सिरीजला पोचलेलं नाही. यँकीजवाल्या भावाला टोरांटो हरायला हवंय, रेड सॉक्सवाल्या बहिणीलाही त्यांचं भलं चिंतायचं कारण नाही. या मालिकेपुरते दोघं एका बाजूला बसू शकतात. उरलेले सामने त्यांना व्हिडिओ कॉलवर एकत्र बघू द्या. झोपायची वेळ थोडी पुढे ढकलावी लागेल, ढकला. शनिवारी 25 तारखेला ओवाळणी झाली की संध्याकाळी वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना आहे. टीव्हीसमोरच्या सोफ्यावर दोघांना मधे बसवा, भाच्याने यँकीजची टोपी घातली असेल तर ती काढायला कुणी सांगू नये, आणि चकल्यांचा डबा त्यांच्या हाताशी ठेवा.